श्वानपथकामागचा वाटाड्या

2024 च्या जुलैत पंधरवड्याच्या आत दोन दरडी कोसळल्या. 16 तारखेला कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर आणि 30 तारखेला वायनाडात मुंडक्कई-चूरलमलाला. बेळगावहून गोकर्णाला जाणाऱ्यांना शिरूरचा रस्ता चांगला ठाऊक, त्यामुळे खानापूर-निपाणीकडे दिवसेंदिवस तोच विषय चालला होता. वायनाडात केरळ पोलिसांची माया आणि मर्फी ही दोन बेल्जियन मॅलिनॉई कुत्री चिखलात मृतदेह शोधताना टीव्हीवर दिसली, आणि लगेच आपल्याकडचा ठरलेला सवाल आला: परदेशी कुत्री कशाला, आपलं मुधोळचं न्या की!

मुधोळ बेळगाव जिल्ह्याला खेटूनच, बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, मालोजीराव घोरपड्यांनी एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं आणि 2016 मध्ये सैन्याने मेरठच्या केंद्रात पिल्लं नेऊन प्रशिक्षण सुरू केलं. अभिमान वाटावा असंच कुत्रं आहे. पण लांब जबडा, बारीक कंबर, उंच पाय ही बांधणी नजरेने सावज धरून त्याच्यामागे सुसाट पळण्यासाठी घडलेली. ससा उठला की मुधोळ डोळ्यांनी धावतो. पुरलेल्या मृतदेहावर मात्र तासन् तास नाक जमिनीला लावून, कंटाळा न करता, एकेक वाफा हुंगत जावं लागतं. मुधोळला नाक नाही असं नव्हे, त्याचा मूळ पिंड वेगळा. म्हणून या कामात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, मॅलिनॉई, बॉर्डर कोली हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात.

आता हे काम सुरू कुठून झालं ते पाहू. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसची कुत्री रणांगणावर जखमी शोधत, आणि मेलेल्यांकडे दुर्लक्ष करायचं हेच त्यांना शिकवलेलं असे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा इर्मा नावाची जर्मन शेफर्ड कुत्री ढिगाऱ्याखाली माणूस जिवंत असेल तर एका तऱ्हेने आणि मेलेला असेल तर वेगळ्या तऱ्हेने भुंकायची, अशी तिची ख्याती होती. फक्त मृतदेहासाठी तयार केलेलं कुत्रं यायला मात्र 1974 उजाडावं लागलं. न्यूयॉर्क राज्य पोलिसांच्या पर्ल या पिवळ्या लॅब्राडोर कुत्रीला टेक्सासमधल्या एका संशोधन संस्थेत शिकवण्यात आलं, आणि तिने सिराक्यूजच्या एका विद्यार्थिनीचा चार फूट खोल पुरलेला मृतदेह शोधून दिला. तिथून 'कॅडेव्हर डॉग' ही पोलीसखात्याची वेगळी शाखाच झाली.

कुत्रं नेमकं कशाचा वास घेतं यावर अजून अभ्यास चालू आहे. प्युट्रेसीन आणि कॅडॅव्हरीन ही दोन रसायनं बर्लिनच्या ब्रीगर यांनी 1885 मध्येच वेगळी केली होती, पण ती कुजणाऱ्या कुठल्याही मांसात सापडतात. माणसाच्या देहातून शेकडो वायुरूप द्रव्यं निघतात, त्यांचं मिश्रण दिवसागणिक बदलतं, आणि कुत्रं ते मिश्रणच लक्षात ठेवतं. वास लागला की खाली बसणं हा कुत्र्याचा इशारा. मेलेल्या म्हशीवर बसायचं नाही, माणसावरच बसायचं, ही शिकवण त्याच्या हाडीमासी भिनवावी लागते.

या विद्येची खरी परीक्षा वाळवंटात होते. कोरड्या उन्हात देह कुजण्याऐवजी सुकतो, कातडं चामड्यासारखं होतं, ओल नसल्याने वास कमी सुटतो. दुपारी तापलेली हवा तो उरलासुरला वास सरळ वर उचलून नेते, आणि धापा टाकणारं कुत्रं नाकाने नीट काम करूच शकत नाही. म्हणून पथक उजाडायच्या आत निघतं आणि ऊन चढलं की थांबतं. पहाटेची गार हवा उताराकडे घरंगळते आणि वास खोलगट जागी, झुडपांच्या मुळाशी, कोरड्या ओढ्याच्या पात्रात साचतो. मग कुत्रं मान झटकन वळवतं, वाऱ्याला तोंड करून नागमोडी पुढे जातं आणि बसतं. पण ते बसलं तिथे वास साचलेला असतो. देह त्या जागेच्या वर कुठेतरी असू शकतो, किंवा गेल्या पुरात हाडं खाली वाहून गेलेली असू शकतात. पाणी कुठून कुठे जातं, कोल्ह्यांची वाट कोणती, जुन्या खाणीचं उघडं तोंड कुठे आहे, हे कुत्र्याला माहीत नसतं आणि त्याच्या हँडलरला, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या माणसालाही नसतं. तिथे वाटाड्या लागतो.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या पॅनामिंट डोंगररांगेतली दोन प्रकरणं मला बोलकी वाटतात. बार्कर रँच हे एक आडवळणी घर, गोलर वॉश या खडकाळ घळीतून जीपने कसंबसं पोहोचायचं. खूनसत्र घडवणाऱ्या टोळीचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन याला 1969 च्या ऑक्टोबरात तिथेच पकडलं. त्याने आणखी बळी तिथे पुरले असावेत, हा संशय जवळजवळ चाळीस वर्षं टिकला. 2008 मध्ये बस्टर नावाचं कुत्रं तिथे नेलं, त्याने इशारे दिले, मातीची रासायनिक तपासणी झाली, जमिनीत डोकावणारं रडार फिरवलं. मे महिन्यात खोदलं तर मानवी अवशेष काही निघाले नाहीत. याचा अर्थ कुत्रं खोटं बोललं असा लावणारे पुष्कळ. मी तेवढं म्हणणार नाही. पण प्रत्येकाला ठाऊक असलेल्या कुविख्यात जागी कुत्रं नेलं, तर त्याच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस कोऱ्या मनाने उभा नसतो, एवढं मात्र खरं.

दुसरं प्रकरण त्याच रांगेतलं. 1996 च्या उन्हाळ्यात जर्मनीहून आलेलं चौघांचं पर्यटक कुटुंब बेपत्ता झालं. ऑक्टोबरात त्यांची गाडी फुटक्या टायरांनिशी अँव्हिल कॅन्यनमध्ये सापडली, मोठा शोध झाला, हाती काही लागलं नाही. 2009 मध्ये दोन हौशी शोधकांनी निराळा विचार केला: नकाशावर दक्षिणेला लष्करी तळाची हद्द दिसते, परदेशी माणसाला वाटेल तिथे पहारा असेल, मदत मिळेल. ते त्या दिशेला गेले आणि अवशेष सापडले. जमीन आणि माणूस दोन्ही ओळखणाऱ्याची किंमत यावरून कळते.

म्हणजे वाटाड्या हवा, आणि त्याच्या माहितीने कुत्रं बिघडूही नये, असा हा पेच आहे. बर्लिनचा 'गणिती' घोडा हान्स प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून उत्तर ओळखतो, हे फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये उघड केलंच होतं. श्वानपथकांना तो धडा फार उशिरा मिळाला. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणारी 18 कुत्री आणि त्यांचे हँडलर एका चर्चमध्ये तपासले. कुठेही वास लपवलेला नव्हता. काही ठिकाणी फक्त लाल कागद चिकटवला होता आणि हँडलरना 'तिथे माल आहे' असं सांगितलं होतं. 144 फेऱ्यांपैकी फक्त 21 निर्दोष निघाल्या. बाकीच्यांत कुत्र्यांनी इशारे दिल्याचं हँडलर सांगत होते, आणि लाल कागदाजवळ जास्त. यंत्रणांना हे झोंबलं, साहजिकच होतं. पण चांगल्या पथकांची रीत आता हीच आहे: संशयित जागा हँडलरला सांगायची नाही, ती जाणणाऱ्याने कुत्र्याबरोबर चालायचं नाही, पहिल्या कुत्र्याच्या इशाऱ्यांच्या खुणा पुसून मग दुसरं कुत्रं सोडायचं.

वाटाड्याने मात्र आधीच पथकप्रमुखाजवळ बसून सगळं ओकायचं. आणि आपल्या भागात ते 'सगळं' फार मोठं आहे. सीमाभागात लिंगायत समाज देह पुरतो, कित्येकदा स्वतःच्या शेताच्या बांधालाच. मराठा घरात बहुधा दहन, पण लहान मुलं पुरायची पद्धत आहेच. दोन पिढ्यांनंतर शेत विकलं की नव्या मालकाला बांधाखाली कोण आहे हे माहीत नसतं. शेजारच्या म्हाताऱ्याला असतं. क्रोएशियातल्या वेलेबिट डोंगरात कुत्र्यांनी ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या थडग्यांवर इशारे दिले आणि खोदल्यावर अस्थी निघाल्या. मग अथणी किंवा गोकाककडच्या शेतात पन्नास वर्षांपूर्वीची समाधी कुत्र्याला लागणार नाही असं समजू नये. कुत्रं तिथे बसलं तर ते बरोबरच असेल. चूक होईल ती खोदणाऱ्याची, आणि पुरलेल्याच्या घरच्यांना ती कळली तर गावात काय होईल ते वेगळं सांगायला नको.

भारतात या कामाचा नमुना अलीकडे केरळनेच घालून दिला. 2020 मध्ये मुन्नारजवळ पेट्टीमुडीची दरड, मग वायनाड, आणि 2025 च्या फेब्रुवारीत तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याचा बोगदा कोसळून आठ जण अडकले, तिथेही ही कुत्री नेली आणि 9 मार्चला पहिला मृतदेह हाती आला. आपल्या बाजूला रायगडातल्या इरशाळवाडीची दरड आठवते. 2023 च्या जुलैत तिथला शोध थांबवला तेव्हा 57 जण बेपत्ताच होते.

बेळगाव जिल्ह्यात असा प्रसंग आलाच तर दोन टोकांचे दोन हिशेब आहेत. पूर्वेला अथणी-सवदत्तीची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते आणि वास त्या भेगांतून आडवा सरकून भलतीकडे वर येतो. तिथे सकाळी लवकर कुत्रं फिरवायचं आणि इशारा मिळाल्यावर लोखंडी सळईने छिद्रं पाडून वासाला वाट करून द्यायची, थोडं थांबून पुन्हा कुत्रं आणायचं. पश्चिमेला खानापूर-कणकुंबीत पावसाचं पाणी वास घेऊन उतारावरून वाहतं आणि कुत्रं खालच्या झऱ्यापाशी बसतं. अशा वेळी वाटाड्याला विचारायचं ते एवढंच, की दरड येण्याआधी इथला ओढा कुठून वाहत होता.