डीपीसीचा पैसा आणि झेडपीचा पैसा

रस्त्याच्या कामावर फलक लावलेला होता. त्यावर ‘निधी : जिल्हा नियोजन समिती. यंत्रणा : जिल्हा परिषद बांधकाम विभाग.’ फलकाखाली दोघं हुज्जत घालत उभे. एक म्हणतो, हे झेडपीचं काम, दुसरा म्हणतो, छे, डीपीसीनं (म्हणजे नियोजन समितीनं) दिलंय. दोघंही शिकलेले, त्यातला एक माजी सरपंच. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत अठ्ठावीस वर्षं खर्डेघाशी करून मी बाहेर पडलो, तेव्हाही लोक हाच घोळ घालत होते आणि आजही घालतात. वर्तमानपत्रं तर रोज घालतात.

जिल्हा परिषद म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. १९६१ चा कायदा, गटातून निवडून आलेले सदस्य, अध्यक्ष, सीईओ, शाळा, दवाखाने, रस्ते. तिच्यावर शब्द खर्च करत नाही.

घोळ आहे तो जिल्हा नियोजन समितीबद्दल. ‘डीपीसीकडून गावाला पन्नास लाख’ असा मथळा वाचला की वाटतं, कलेक्टर कचेरीत डीपीसीची एक तिजोरी आहे आणि पालकमंत्री किल्ली फिरवून पैसे काढून देतात. तशी तिजोरीच नाही. समिती कर लावत नाही, फी घेत नाही, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. ज्याला आपण डीपीसीचा पैसा म्हणतो, तो राज्याच्या अर्थसंकल्पातला पैसा. त्याचं खरं नाव जिल्हा वार्षिक योजना. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्या सर्वसाधारण भागासाठी राज्यभर मिळून २०,१६५ कोटी रुपये ठेवले, आदल्या वर्षी १८,१६५ कोटी होते. अनुसूचित जातींसाठीचा भाग सामाजिक न्याय विभागाकडून येतो, आदिवासी भाग आदिवासी विकास विभागाकडून. समिती करते ते एवढंच, की आपल्या जिल्ह्याच्या वाट्याचे पैसे कोणत्या कामावर किती, ते ठरवते. ‘दिले’ हे क्रियापद ज्यानं या जागी प्रथम वापरलं, त्याला मी माफ केलेलं नाही.

आता पैशाची वाट बघा. आधी नियोजन विभाग जिल्ह्याला मर्यादा कळवतो, म्हणजे आराखडा एवढ्या रकमेत बसवा. त्या मर्यादेत समिती प्रारूप आराखडा मंजूर करते. मग राज्यस्तरीय बैठकीत जिल्हा वाढीव मागणी मांडतो, अर्थमंत्री थोडी वाढ देतात किंवा देत नाहीत, मार्चमध्ये अर्थसंकल्प होतो. पैसे ‘बीम्स’ या ऑनलाइन प्रणालीतून हप्त्याहप्त्यानं सुटतात आणि अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणांकडे जातात. सार्वजनिक बांधकाम, वन, कृषी, नगरपालिका आणि हो, जिल्हा परिषदही. म्हणजे झेडपी इथे मालक नाही, काम करून देणारी आहे. फलकावरची ‘यंत्रणा’ ती हीच.

म्हणून ‘आराखडा मंजूर झाला’ ऐकून कुणी गुलाल उधळला की मला हसू येतं. आराखड्यात नाव येणं वेगळं, प्रशासकीय मान्यता वेगळी आणि खात्यावर पैसे पडणं आणखी वेगळं. त्यात मंजूर रकमेतून आधी जुन्या, अर्धवट कामांचं दायित्व, म्हणजे राहिलेलं देणं, वजा होतं. उरेल त्यात नवी कामं.

या उलट झेडपीचा स्वतःचा पैसा, ज्याला आम्ही सेस म्हणायचो. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कावरच्या अधिभारातला वाटा, गाळ्यांची भाडी असलं काहीबाही मिळून तो जमतो. डीपीसीच्या आकड्यांपुढे चिमूटभर. पण त्याचं अंदाजपत्रक झेडपीची सर्वसाधारण सभा करते, त्यासाठी पालकमंत्र्यांच्या बैठकीची वाट बघावी लागत नाही. वर्षअखेरीला उरला तर शिलकीत जातो आणि पुढच्या वर्षी तिथेच असतो. पिठाच्या गिरणीपासून मुलींच्या सायकलीपर्यंत किती योजना या चिमटीतून चालल्या, ते मी व्हाउचरवर सह्या घेताना पाहिलंय.

दोन्ही पैशांतला फरक जिथे बोट ठेवून दाखवता येतो, ती जागा म्हणजे ३१ मार्च. सरकारी खात्याला जिल्हा वार्षिक योजनेतून मिळालेला पैसा त्या तारखेला संपला नाही तर गेला. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारासमोर बिलांचे गठ्ठे घेऊन माणसं उभी असतात. पण तोच पैसा झेडपीकडे आला असेल तर तिला आणखी एक आर्थिक वर्ष मिळतं : २०२४-२५ चा निधी ३१ मार्च २०२६ पर्यंत खर्च करता येतो. त्यानंतर मात्र उरलेला सरकारजमा. आता दर एप्रिलमध्ये येणारी बातमी आठवा, ‘जिल्हा परिषदेचे इतके कोटी अखर्चित’. त्यातला बराचसा पैसा दुसऱ्या वर्षात पाय टाकलेला असतो, बुडालेला नसतो. खरा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या मार्चनंतर विचारायचा, आणि तो नेमका कुणी विचारत नाही.

मग लोक विचारतात, पैसा सरकारचा, वाट सरकारची, तर समितीला ‘स्थानिक’ का म्हणायचं? घटनेनं तिला स्थानिकच बनवलं आहे. ७४ व्या दुरुस्तीतल्या कलम २४३ झेडडीनुसार किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, तेही ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. पंचायतींचे आणि पालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करायचा, हे तिचं काम. बहुतेक आमदार-खासदार इथे निमंत्रित म्हणून बसतात. पण आपल्या १९९८ च्या कायद्यानं अध्यक्षपद पालकमंत्र्याला दिलं आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. तिथूनच लोकांच्या मनात ही समिती सरकारी झाली, आणि त्याला माझा इलाज नाही. केरळात जिल्हा पंचायतीचा अध्यक्षच समितीचा अध्यक्ष असतो, आणि १९९६ पासून राज्याच्या योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं तिथे ठरलं. मला विचाराल तर तीच पद्धत बरी.

आपल्याकडे २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, सीईओ प्रशासक झाले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. समितीला निवडून देणारेच उरले नाहीत. तरी बैठका झाल्या, आराखडे मंजूर झाले, पैसे खर्ची पडले. चार पंचमांश खुर्च्या ज्यांच्यासाठी ठेवल्या ते नसतानाही गाडं चालतं, यावरून घोडं कोण हाकतं ते कळतं.

बाकीचे गोंधळ किरकोळ. डीपीडीसी हे जुन्या मंडळाचं नाव, अजून तोंडात बसलंय, चालू द्या. ‘डीपी’ म्हणजे शहराचा विकास आराखडा, आरक्षणाचे नकाशे असलेला. त्याचा या पैशाशी संबंध नाही. २५१५ या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या त्या क्रमांकाच्या खात्यातून, आलेलं काम ग्रामविकास विभागाचं, थेट मंत्रालयातून. आमदार निधीची फाइल डीपीसीचं काम पाहणाऱ्या नियोजन कार्यालयातच फिरते म्हणून तो डीपीसीचा होत नाही. आणि पीएमआरडीए किंवा एमएमआरडीए ही पुण्या-मुंबईच्या महानगर प्रदेशांची सरकारी विकास प्राधिकरणं. महानगरासाठी घटनेनं सांगितलेली महानगर नियोजन समिती निराळी, तिच्यात दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडलेले.

डीपीसी आणि झेडपी वेगळ्या, हे तरी पटत नसेल तर मुंबईकडे बघा. शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांना नियोजन समित्या आहेत, जिल्हा परिषद मात्र दोन्हींना नाही.

तेव्हा स्मशानभूमीचं शेड जनसुविधा योजनेतून हवं असेल, किंवा गावच्या देवस्थानाला क वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा, तर नियोजन कार्यालयात विचारा, कारण ते आराखड्यात बसवायचं आहे. काम झेडपीकडे अडकलं असेल तर तिच्या त्या विभागात जा, आणि सोबत कामाचा लेखाशीर्ष आणि मंजुरीचं वर्ष लिहून न्या. वर्ष आधी बघायचं. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा अर्जांत नऊ जण तेच विसरायचे, आणि मुदत संपली की उरली हे त्यावरच ठरतं.