सेफ्टी रेझर : निवड आणि वापर

दाढी करण्याचे साधन. यात पात्याची जेमतेम धार बाहेर राहते आणि तिच्यालगतची पट्टी त्वचेला आवरून धरते. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये अशा रेझरचे पेटंट घेतले. मात्र त्याचे पाते वस्तऱ्यासारखेच पुन:पुन्हा धार लावून वापरावे लागे. किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, दुधारी, बोथटल्यावर टाकून द्यायचे पाते आणले (पेटंट १९०४). पातळ पोलादाला टिकाऊ धार देण्याचे खरे अवघड काम विल्यम निकरसन या अभियंत्याने केले, पण नाव जिलेट यांचेच झाले. दुधारी पात्याचा आकार आजही जवळपास तोच असल्याने जुन्या रेझरमध्येही नवे पाते सहसा बसते. आपल्याकडच्या सलूनमध्ये वस्तऱ्यात जे अर्धे पाते अडकवतात, तेही बहुधा याच दुधारी पात्याचे मोडून केलेले असते.

रेझर निवडताना लोक मुठीची नक्षी आणि चकाकी पाहतात. दाढी करते ते डोके. पात्यावरची टोपी आणि खालची तळपट्टी यांच्यामध्ये पाते किती वाकते, धार किती बाहेर डोकावते आणि पट्टीपासून किती अंतरावर राहते, यावर रेझर मवाळ की जहाल हे ठरते. जर्मनीतील म्यूले कंपनीचे आर ८९ आणि आर ४१ हे चांगले उदाहरण : मूठ तीच, पण पहिला बंद पट्टीचा व मवाळ, तर दुसरा दातेरी पट्टीचा आणि चांगलाच जहाल. शिकाऊ माणसाने आर ४१ च्या वाटेला जाऊ नये. झोलिंगेनचा मर्कुर ३४सी हाही बंद पट्टीचा, आखूड मुठीचा आणि जड. वजन इथे उपयोगीच पडते, कारण हाताने दाबावे लागत नाही. अंतर कमी-जास्त करता येणारे रेझर मिळतात, पण हात बसण्याआधी ती सोय गोंधळच वाढवते.

कार्ट्रिजची, म्हणजे पात्यांसकट अख्खे डोके बदलायच्या रेझरची, सवय असलेल्यांची अडचण दाबण्याची असते. त्याचे डोके गालाप्रमाणे हलते. इथे कोन आपणच सांभाळायचा, साधारण ३० अंशांचा. टोपी गालाला टेकवून मूठ हळूहळू खाली आणावी. खुंट कापल्याची बारीक करकर ऐकू आली की तोच कोन. मग आखूड हात मारावेत. गालावर केस बहुधा खाली वळलेले असतात, पण गळ्यावर ते आडवे, कधी वरच्या दिशेनेही वाढतात. म्हणून दोन दिवसांच्या खुंटांवर बोटे फिरवून दिशा आधी पाहून घ्यावी. पहिल्या महिन्यात सुलटा, म्हणजे केसांच्या दिशेने मारलेला, हातच पुरे. केस कुरळे असतील तर उलटी दाढी टाळलेलीच बरी, नाहीतर केस आत वळून पुळ्या येतात.

पात्यांचे मात्र ठाम सांगता येत नाही. जपानचे फेदर अतिशय धारदार म्हणून नावाजलेले. एकाला ते लोण्यासारखे लागते, दुसऱ्याचा गळा सोलून निघतो. वेगवेगळ्या पात्यांचा मिश्र संच घ्यावा, पण रेझर, साबण आणि पाते एकाच आठवड्यात बदलू नये. आग कशामुळे झाली ते मग कळत नाही. पाते ओढू लागले की बदलावे. बदलताना ते धारेकडून नव्हे, दोन आखूड टोकांनी धरावे, आणि जुने पाते झाकण चिकटवून बंद केलेल्या पत्र्याच्या डबीत फटीतून टाकावे. ओल्या कचऱ्यात सुटे टाकलेले पाते सफाई कामगाराच्या हाताला लागते.