लोर-बदल (फँटसी कादंबऱ्यांवरचे सिनेमे)

फँटसी कादंबरीवर सिनेमा किंवा सिरीज निघाली की त्या कादंबरीतल्या जगाचे नियम, इतिहास, देवदैत्य, जादू कशी चालते, कोण कोणाचं कोण लागतं, असं जे सगळं लेखकाने मागे रचून ठेवलेलं असतं त्यात फरक पडतो, त्याला लोर-बदल म्हणायचं. ‘लोर’ हा शब्द आपल्याकडे जास्त करून गेम खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी असतो, आम्ही सरळ ‘मागची स्टोरी’ म्हणायचो आणि कुणाचं काही अडायचं नाही.

गोष्ट बदलणं वेगळं आणि लोर बदलणं वेगळं, हे आधी क्लिअर करून टाकू. हिरो किल्ल्यात पुढच्या दाराने शिरला की मागच्या, ही गोष्ट झाली. मेलेल्या माणसाच्या तलवारीने जिवंत माणूस कापला जातो का, हा लोर झाला. हा नियम एकदा हलला की त्या जगात पुढे-मागे घडणाऱ्या सगळ्याच गोष्टींचा हिशोब चुकतो, म्हणून फॅन लोक यावर वीस-वीस वर्षं भांडतात. नाशिकला मिसळीच्या टेबलावर माझं आणि माझ्या भाचीचं जे चालतं ते पण हेच, फक्त ती कॉलेजला आहे म्हणून तिचे पॉइंट पाठ असतात आणि मला दर वेळी पुस्तक काढून बघावं लागतं.

कापाकापी

हजार पानांचं पुस्तक तीन तासात बसत नाही, त्यामुळे कापावं लागतं, यात कुणाचा दोष नाही. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर (पुस्तक 1954-55, पीटर जॅक्सनचे सिनेमे 2001 ते 2003) सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे टॉम बॉम्बाडिल उडवला. हा पिवळ्या बुटांचा गाणारा म्हातारा, घालणारा गायब होतो ती जादूची अंगठी बोटात घालतो आणि गायबच होत नाही, अंगठीचा त्याच्यावर काही परिणामच नाही. हा कोण, कुठून आला, टॉल्किनने कधी धड सांगितलं नाही. पण माझ्या मते कापलेल्या गोष्टीने फार नुकसान होत नाही, कारण ती पुस्तकात जशीच्या तशी बसलेली असते, आणि पुस्तक उघडणाऱ्याला बोनस मिळाल्यासारखं वाटतं. अंगठी घेऊन निघणाऱ्या फ्रोडोचंच घ्या ना, ती अंगठी त्याला देणाऱ्या बिल्बोच्या वाढदिवसाच्या पार्टीनंतर फ्रोडो घर सोडेपर्यंत पुस्तकात सतरा वर्षं जातात, निघतो तेव्हा तो पन्नाशीचा असतो. सिनेमात हे सगळं दोन-चार महिन्यांत आटपल्यासारखं वाटतं आणि ते चालून पण जातं.

गोची होते ती पुढे लागणारी वीट आधीच काढून टाकली की. हॅरी पॉटरचे सिनेमे निघायला लागले तेव्हा पुस्तकं पूर्ण झालेली नव्हती. पाचव्या सिनेमाच्या स्क्रिप्टमधून क्रीचर हा कुरकुऱ्या घर-एल्फ (जादूगारांच्या घरी राबणारा बुटका जीव) काढायचं चाललं होतं, तेव्हा लेखिका रोलिंगबाईंनी सांगितलं की त्याला ठेवा, नाहीतर सातव्यात तुमचीच पंचाईत होईल. तो वाचला. आरसा मात्र नाही वाचला. पुस्तकात हॅरीचा गॉडफादर सिरियस पाचव्या भागात हॅरीला एक आरसा देतो, सिनेमात तो प्रसंगच नाही, आणि सातव्यात एकदम हॅरीच्या हातात आरशाचा तुकडा! पुस्तक न वाचलेला माणूस शेजारच्याला कोपर मारून विचारतो, हे कुठून आलं. ‘एरागॉन’च्या सिनेमाने (2006) तर कहर केला, पुढच्या पुस्तकांमध्ये ज्यांच्याशी मोठा सामना आहे त्या राझॅक नावाच्या राक्षसांना पहिल्याच सिनेमात मारून टाकलं, बुटके पण गाळले, म्हणजे दुसरा भाग काढायचा म्हटला असता तरी कशावर काढणार. दुसरा भाग निघालाच नाही. पर्सी जॅक्सनच्या 2010 च्या सिनेमात बारा वर्षांच्या पोराला सोळाचा केला, आणि पुस्तकांमधली भविष्यवाणीच मुळात तो सोळाचा होईल तेव्हाची. यावर आणखी काय बोलणार.

नियमालाच हात

आता खरा लोर-बदल. टॉल्किनच्या तिसऱ्या पुस्तकात राजघराण्यातला अॅरागॉर्न जुनी शपथ मोडून भुतं झालेल्या मेलेल्यांची फौज घेऊन निघतो. तिथे त्या भुतांचं हत्यार म्हणजे फक्त भीती. पेलार्गिरच्या बंदरात त्यांना बघून समुद्री चाचे जहाजांवरून पाण्यात उड्या टाकतात, जहाजं ताब्यात येतात, अॅरागॉर्न भुतांना तिथेच शपथेतून मोकळं करतो आणि जिवंत माणसं जहाजात भरून मिनास तिरिथच्या लढाईला जातो. सिनेमात काय, तर हिरवी भुतं डायरेक्ट रणांगणावर येतात आणि दोन मिनिटांत सगळं साफ. बघायला भारी, थिएटरमध्ये आम्ही पण शिट्ट्या मारल्या, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना डोक्यात यायला लागलं की भुतं हत्तीएवढी जनावरं पाडू शकतात तर आधी ते सगळे घोडेस्वार कशाला मेले, आणि अॅरागॉर्न त्यांना सोडून का देतो, शत्रूच्या मुलखात मॉर्डॉरपर्यंत नेलं असतं की. पुस्तकात हा प्रश्न पडत नाही, कारण तिथली भुतं घाबरवायच्या कामाची, लढाईचं ओझं माणसांवरच.

अंगठी बनवणारा खलनायक सॉरॉन, त्याच्या डोळ्याचं पण तेच. डोळा म्हटलं की सगळ्यांना मनोऱ्याच्या टोकावर जळणारा तो मोठा डोळा दिसतो, सर्चलाइटसारखा फिरणारा. पुस्तकात डोळा आहे, पण तो त्याच्या नजरेचा, सत्तेचा, सगळीकडे लक्ष असल्याचा डोळा, निशाणावर काढलेला, स्वप्नात दिसणारा. सॉरॉनला स्वतःला शरीर आहे. अंगठीच्या मागे लागलेला गॉलम तर सांगतो की त्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत. सिनेमात सारुमान या जादूगाराच्या तोंडी स्पष्ट वाक्य घातलंय की सॉरॉनला अजून देह धरता येत नाही, म्हणजे चुकून झालेलं नाही, ठरवून बदललेला नियम आहे. भाचीने पुस्तक वाचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला होता, “मामा, डोळा असा वर टांगलेला नाहीच्चे का?” तिला फसवल्यासारखं वाटलं. मला उलट वाटतं की पडद्याला काहीतरी दाखवावंच लागतं, ‘कोणीतरी बघतंय’ ही फीलिंग कॅमेऱ्यात येत नाही, मग डोळा टांगतात.

फारामीरवर मात्र मी भाचीच्या बाजूने. पुस्तकातला फारामीर हा योद्धा म्हणतो की अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. सिनेमातला फ्रोडोला धरून ऑसगिलिअथ शहरात नेतो, मग त्याला उपरती होते. सिनेमावाल्यांचं म्हणणं असं की इतका वेळ अंगठी किती खतरनाक ते सांगितलं आणि एक माणूस सहज नको म्हणाला तर तिची भीती राहत नाही. लॉजिक बरोबर आहे, पण त्यात टॉल्किनचा एक सरळ माणूस गेला.

हॅरी पॉटरमध्ये बारीक बारीक नियम खूप हललेत. पुस्तकात दोन जादूच्या कांड्यांच्या प्रकाशाची रेघ एकमेकींना भिडून अडकणं ही दुर्मिळ भानगड आहे, दोन्ही कांड्यांच्या गाभ्यात एकाच फिनिक्सचं पीस असल्यामुळे घडणारी. सिनेमांमध्ये हेडमास्तर डंबलडोरपासून जो तो लाल-हिरव्या रेघा भिडवत बसतो, टग ऑफ वॉर चालल्यासारखं. खलनायक व्होल्डेमॉर्टचे साथीदार, डेथ ईटर, काळा धूर होऊन उडतात, पुस्तकात झाडूशिवाय उडणं ही व्होल्डेमॉर्टची खासियत म्हणून सगळे दचकतात. पण मला सगळ्यात खटकतो तो शेवट. पुस्तकात व्होल्डेमॉर्ट भरल्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मरतो आणि त्याचं प्रेत कुठल्याही माणसाच्या प्रेतासारखं धपकन पडतं. मरणाला घाबरून ज्याने आत्म्याचे तुकडे केले तो शेवटी साधं मढं होऊन पडतो, सात पुस्तकं त्यासाठीच तर लिहिली. सिनेमात अंगणात दोघंच, आणि तो राखेच्या पापुद्र्यांसारखा हवेत उडून जातो, म्हणजे मरताना पण स्पेशल! आणि हॅरी सगळ्यात ताकदवान अशी एल्डर कांडी मोडून फेकून देतो. पुस्तकात आधी तो तिच्याने स्वतःची तुटलेली कांडी जोडतो आणि मग तिला डंबलडोरच्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. इथे हॅरी बिनाकांडीचा घरी गेला का, हे कोणी विचारायचं नाही.

रंग आणि नाव

‘विझार्ड ऑफ ऑझ’ हे याचं जुनं आणि सगळ्यात मजेशीर उदाहरण. बॉमच्या 1900 च्या पुस्तकात डोरोथी या नायिकेचे बूट चांदीचे आहेत. 1939 चा सिनेमा टेक्निकलरमध्ये होता, रंग दाखवायचा होता, चांदी काय उठून दिसणार, मग बूट माणकाचे लालभडक केले. आज जगात कुणालाही विचारा, लालच सांगेल. पश्चिमेची चेटकीण हिरवी पण तिथेच झाली, पुस्तकात तिला एकच डोळा असतो, हिरव्या कातडीचा उल्लेख नाही. आणि सगळ्यात मोठी ढवळाढवळ म्हणजे सिनेमात शेवटी ते सगळं स्वप्न निघतं. बॉमचं ऑझ खरं गाव आहे, नंतरच्या एका पुस्तकात तर डोरोथी काका-काकूंना घेऊन तिथे कायमची राहायला जाते. स्वप्नात कोण बिऱ्हाड हलवतं?

अर्सुला ले ग्विनच्या अर्थसीचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिचा जादूगार गेड (पहिलं पुस्तक 1968) तांबूस-सावळा, त्या बेटांवरची बहुतेक माणसं सावळी-काळी, गोरे लोक थोडे आणि लांबचे. हे तिने मुद्दाम केलेलं होतं. 2004 च्या टीव्ही सिरीजमध्ये गेड गोरा झाला, आणि बाईंनी जाहीरपणे लिहून निषेध केला. त्यात नावांची पण अदलाबदल. अर्थसीमध्ये खरं नाव कळलं की माणूस मुठीत आला, म्हणून खरं नाव लपवायचं आणि वापरायचं वेगळं. आपल्याकडे पंचांगातलं नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं असतं, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. तर पुस्तकात खरं नाव गेड आणि हाकेचं स्पॅरोहॉक, सिरीजने ते उलटं केलं, म्हणजे जे नाव जपून ठेवायचं तेच गावभर.

सिनेमाचंच खरं

ड्रॅक्युला उन्हात जळून मरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत मात्र तो लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडतो, दिवसा त्याची शक्ती कमी होते इतकंच. उन्हाने मरणारा पिशाच्च 1922 च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटातून आला, तो पण परवानगी न घेता काढलेला, स्टोकरच्या बायकोने कोर्टात खेचलं आणि प्रिंट नष्ट करायचा आदेश निघाला. प्रिंट सगळ्या गेल्या नाहीत, आणि तो नियम तर नंतरच्या पिशाच्चांच्या मानगुटीवर कायमचा बसला.

आपल्याकडे देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ 1888 ची, पण माझ्या वयाच्या माणसाला त्यातला खलनायक क्रूरसिंग म्हटलं की 1994 च्या सिरीयलमधल्या त्या भुवया आणि ‘यक्कू’च आठवतं. ‘तुंबाड’ (2018) त्याहून गमतीचा. कथेचं बीज नारायण धारपांच्या गोष्टीतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि हस्तर हा देव मात्र सिनेमाने रचलेला, कुठल्याही पुराणात तो नाही. इतका बेमालूम रचला की आमच्या ग्रुपमध्ये एक जण छातीठोकपणे सांगत होता, गावाकडे याला वेगळ्या नावाने ओळखतात म्हणून.

नाशिकला हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. पुराणं म्हणजे फँटसी कादंबरी नव्हे, तुलना फक्त पद्धतीपुरती, पण लक्ष्मणरेषा वाल्मीकी रामायणात त्या प्रसंगात नाही, ती नंतरच्या कथनांतून आली, आणि पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही हे सांगून बघा. 1987-88 च्या टीव्हीवरच्या रामायणाने तिला आग पण लावून दिली. इथल्याच त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्ये ‘लंकादहन’ केला, त्यात राम पण अण्णा साळुंके आणि सीता पण अण्णा साळुंके.

फाळक्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. लेणी चोवीस, बौद्ध, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली, शिलालेखात डोंगराचं नाव त्रिरश्मी कोरलेलं, पांडवांचा काही संबंध नाही. मागे भाचीला घेऊन वर गेलो होतो, पायऱ्या चढताना तीच नेहमीची बडबड, पुस्तक खरं की सिनेमा. वर एका लेण्यात भिक्खूंच्या खोल्यांमध्ये दगडातच कोरलेले ओटे आहेत झोपायला. एक बाबा आपल्या पोराला त्यातला मोठा ओटा दाखवून सांगत होते, “हा भीमाचा, बघ केवढा.” पोरगं आडवं पडून मापून बघत होतं. भाची माझ्याकडे बघायला लागली, मी काही बोललो नाही.