बी.एस्सी. प्रथम वर्ष भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक : पात्रता, कागदपत्रे आणि ऐन परीक्षेत अडवणारे जर्नल

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतले की त्याचे प्रात्यक्षिक स्वतंत्र श्रेयांकांसह (क्रेडिट्ससह) सोबत येतेच. भौतिकशास्त्र विषयासह बारावी विज्ञान उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण पात्रता आहे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि आरक्षणातून प्रवेश असल्यास जातीची कागदपत्रे लागतात. प्रवेशाच्या खिडकीवर यात सहसा कोणी अडत नाही. विद्यार्थी अडतात ते सत्राच्या शेवटी, प्रयोगशाळेच्या दारात.

त्याआधी एक किरकोळ वाटणारी बाब पाहून घ्यावी. श्रेयांक जमा होण्यासाठी एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) लागतो आणि तो आधारवरील नावाने निघतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर ते शेवटी, कुठे वडिलांचे नावच गाळलेले, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, असा प्रकार घरोघरी आहे. ही दुरुस्ती परीक्षा अर्ज भरण्याच्या आठवड्यात होत नाही; ती प्रवेशानंतर लगेच सुरू करावी.

उपस्थितीचा हिशेबही बहुतेकांचा चुकतो. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. म्हणजे दोन श्रेयांकांचे ६० तास, आठवड्याला चार तासांची एक पाळी धरली तर पंधरा पाळ्या. यातल्या चार चुकल्या की उपस्थिती ७३.३३ टक्के होते आणि ७५ टक्क्यांची अट मोडते. थिअरीच्या तासांना रोज बसलो होतो, हे सांगून उपयोग नसतो, कारण प्रात्यक्षिकाची हजेरी वेगळी मोजली जाते. आजारपणाचा वैद्यकीय दाखला कॉलेजला परतताच द्यावा, आणि त्याने फार तर हजेरीत सवलत मिळते, राहिलेला प्रयोग झाला असे होत नाही, हे ध्यानात ठेवावे. तो रिपीट बॅचमध्ये करावाच लागतो. उशिरा प्रवेश घेतलेल्यांचे व्हर्निअर, स्क्रू गेज आणि त्रुटीगणनाचे सुरुवातीचे प्रयोग हमखास राहतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सरांना किंवा मॅडमना भेटून रिपीटची तारीख मागून घ्यावी.

आता जर्नल. परीक्षेला बसण्यासाठी लागते ते प्रमाणित जर्नल, नुसते पूर्ण लिहिलेले नव्हे. अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रयोगासमोर तारीख व सही, अभ्यासक्रमात सांगितलेली प्रयोगांची किमान संख्या, आणि पहिल्या पानावरील प्रमाणपत्रावर प्रभारी शिक्षक व विभागप्रमुखांच्या सह्या आणि शिक्का, एवढे झाल्यावरच ते प्रमाणित ठरते. विद्यार्थी परीक्षेची तारीख डोक्यात ठेवतात. खरी मुदत सबमिशनची असते, आणि ती त्याआधीच संपते. ही सूचना बऱ्याचदा प्रयोगशाळेबाहेरच्या फलकावर एका चिठोऱ्यावर लावलेली असते. परीक्षेचे वेळापत्रक संकेतस्थळावर टाकणाऱ्यांना त्याच्याखाली ही एक ओळ वाढवणे का जमत नाही, ते त्यांनाच ठाऊक.

सह्या शेवटच्या आठवड्यात एकदम मिळतील, ही आशा धरू नये. निरीक्षणांच्या तक्त्याखाली त्याच दिवशी सही घेतलेली नसेल, तर पक्क्या जर्नलवर सही करायला कोणीही शिक्षक का-कू करणारच. सिनिअरचे जर्नल उतरवणाऱ्यांची गफलत तर पहिल्याच तक्त्यात दिसते : व्हर्निअर कॅलिपरचे लघुत्तम माप, म्हणजे त्याने मोजता येणारे सर्वात लहान अंतर, ०.०१ सेंमी आणि चल सूक्ष्मदर्शकाचे ०.००१ सेंमी असताना, सूक्ष्मदर्शकाने घेतलेली म्हणून दाखवलेली केशनलिकेची निरीक्षणे दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहिलेली असतात.

जर्नल हरवल्यास सगळे संपले असे नाही. किमान प्रयोग पूर्ण झाल्याचे विभागप्रमुखांचे पत्र त्याऐवजी चालू शकते. मात्र विभागाच्या हजेरीपटात नोंद सापडली तरच ते मिळते. म्हणून दर पाळीनंतर सही झालेल्या अनुक्रमणिकेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. फोटो हा पुरावा नव्हे, पण त्यावरच्या तारखांनी हजेरीपटातले नेमके पान पटकन सापडते.

परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट, ओळखपत्र, प्रमाणित जर्नल आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर न्यावा. मोबाइलमधला चालत नाही. परीक्षा झाल्यावर जर्नल परत मिळाले तर रद्दीत देऊ नये. प्रात्यक्षिकात एटीकेटी लागल्यास, म्हणजे ते राहिल्यास, पुढच्या सत्रात तेच जर्नल पुन्हा दाखवण्याची वेळ येते.