क्रॅशचा पंचनामा करायचा, पण पंच कोण?

प्रोग्राम चालता चालता कोसळतो आणि लिनक्सच्या टर्मिनलवर एक कोरडी ओळ उमटते: 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोर डम्प्ड'. (कोर डम्प म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची नक्कल.) लगेच शेलला एक्झिट कोड विचारला तर तो १३९ सांगतो. त्यातले १२८ ही 'सिग्नलने (सिस्टमच्या इशाऱ्याने) मारला गेला' याची खूण आणि उरलेले ११ हा सिग्नलचा नंबर. सिग्नल ११ म्हणजे परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला. १३४ आला असता तर सिग्नल ६, म्हणजे आत काहीतरी बिनसलंय हे ओळखून प्रोग्रामनेच हात टेकले.

एका नंबरातून एवढं कळतं. डेव्हलपरला मात्र कोणत्या फंक्शनमध्ये, कोणत्या ओळीवर आणि कोणाकोणाला कॉल करत इथवर आलो हे हवं असतं. त्यासाठी कोसळण्याच्या क्षणाची मेमरी आणि रजिस्टर (प्रोसेसरमधल्या चालू कामाच्या नोंदी) कोणीतरी पाहायला हवेत. पंचाईत अशी, की त्याच मेमरीत वापरणाऱ्याचे पासवर्ड, लॉगिनची टोकनं, अर्धवट लिहिलेला मेल हेही उघडं पडलेलं असतं.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे प्रोग्रामनेच सिग्नल हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, लावायचा आणि मरता मरता रिपोर्ट लिहून ठेवायचा. डेमोत हे छान चालतं. आता समजा प्रोग्राम मेमरी वाटून देणाऱ्या 'मॅलॉक' फंक्शनच्या आत असताना कोसळला. हीपचा, म्हणजे मागेल तशी वाटलेल्या मेमरीचा, हिशेब बिघडला की असं वारंवार होतं. त्या क्षणी मॅलॉकने आपलं लॉक धरलेलं असतं. हँडलर रिपोर्टसाठी मेमरी मागतो, म्हणजे पुन्हा मॅलॉक, पुन्हा तेच लॉक. आणि ते सोडणारा थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) तर हँडलरमध्येच अडकून बसलाय. क्रॅश व्हायच्या ऐवजी प्रोग्राम कायमचा लटकतो, आणि लटकलेल्या प्रोग्रामचा रिपोर्ट कोणालाच मिळत नाही. हँडलरमध्ये कोणती फंक्शनं बिनधोक वापरता येतात याची यादी पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने दिली आहे. 'राइट' त्यात आहे. 'प्रिंटएफ' आणि 'मॅलॉक' नाहीत.

दुसरा घोळ स्टॅक, म्हणजे चालू कॉलांचा हिशेब ठेवणारी मेमरी, संपण्याचा. हँडलर चालायलाही स्टॅकच लागतो. 'सिगअल्टस्टॅक'ने आधीच वेगळी जागा राखून ठेवली नसेल तर हँडलरची पहिली ओळसुद्धा चालत नाही. ही राखीव जागा प्रत्येक थ्रेडला स्वतंत्रपणे लावून द्यावी लागते, आणि नेमकं तेच राहून जातं.

तेव्हा पंच बाहेरचा हवा. हे काम डिमन करतो, म्हणजे पार्श्वभूमीला कायम तयारीत असलेला सिस्टमचा प्रोग्राम. विंडोजमध्ये एरर रिपोर्टिंग सर्व्हिस आहे, मॅकओएसमध्ये रिपोर्टक्रॅश. अँड्रॉइडमध्ये काम वाटून दिलेलं आहे: कोसळलेल्या प्रोसेसला, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामला, 'क्रॅश डम्प' नावाचा छोटा प्रोग्राम वाचतो, आणि रिपोर्ट कुठे लिहायचा, किती ठेवायचे हे 'टूमस्टोन्ड' हा डिमन ठरवतो. तो नुसती उघडलेली फाइल हातात देतो. फाइलचा पत्ता निवडण्याची मुभा कोसळणाऱ्याला नसते.

लिनक्समध्ये सुरुवात कर्नलच, म्हणजे सिस्टमचा गाभाच, करतो. 'कोर पॅटर्न' या सेटिंगमधलं पहिलं अक्षर पाइपची उभी रेघ असेल, तर कर्नल पुढे लिहिलेला मदतनीस प्रोग्राम रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवतो आणि मेलेल्या प्रोसेसची मेमरी त्याच्या स्टँडर्ड इनपुटवर ओततो. ही ओळ जेमतेम १२८ बाइटची, पण प्रोसेसचा नंबर, वापरकर्त्याचा नंबर, सिग्नल, वेळ हे सगळं तिच्यातून मदतनिसाला पोचवता येतं. सिस्टमडी-कोरडम्प आणि उबुंटूचं ॲपोर्ट ही दोन्ही याच दारातून आत येतात. मदतनीस स्वतःच कोसळला तर? त्याच्यासाठी पुन्हा मदतनीस, त्याच्यासाठी पुन्हा, असा खेळ सुरू होऊ नये म्हणून कर्नल त्याची कोर फाइलची मर्यादा १ बाइट करून ठेवतो आणि ती दिसली की डम्प सोडून देतो.

इथवर सगळं सरळ वाटतं. खरा धोका पुढच्या साध्या प्रश्नात आहे: जो मेला तो नक्की कोण होता?

मदतनिसाला हातात मिळतो प्रोसेसचा नंबर. बाकी तपशील तो चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फाइलसिस्टिममध्ये त्या नंबराखाली जाऊन वाचतो. पण नंबर पुन्हा वापरात येतो. जुनी प्रोसेस गेली की तोच नंबर वेगळ्याला मिळू शकतो, आणि ३२,७६८ नंबरांच्या जुन्या मर्यादेत प्रोसेस भराभर जन्माला घालून ती वेळ पटकन आणता येते. मे २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी नेमकी हीच फट जाहीर केली. सिस्टमडी-कोरडम्पमधली सीव्हीई-२०२५-४५९८ आणि ॲपोर्टमधली सीव्हीई-२०२५-५०५४ या सुरक्षा-त्रुटींच्या नोंदींखाली. हल्ला असा: रूटच्या अधिकाराने चालणारा, पासवर्ड तपासणारा छोटा प्रोग्राम सुरू करायचा. त्याने पासवर्डांच्या हॅशची (उलट न करता येणाऱ्या रूपांची) शॅडो फाइल मेमरीत घेतली की त्याला पाडायचा. मदतनीस चौकशीला पोचण्याआधी त्याच नंबरावर आपली साधी प्रोसेस उभी करायची. मदतनीस पाहतो तर समोर साधीच प्रोसेस. तो डम्प त्या वापरकर्त्याला वाचायला खुला करतो. डम्प मात्र आधीच्या प्रोसेसचा, आत हॅशसकट.

तात्पुरता उपाय म्हणून 'सूइड डम्पेबल' हे कर्नलचं सेटिंग ० करायचं, म्हणजे वाढीव अधिकाराच्या प्रोग्रामचे डम्पच निघत नाहीत. अर्थात त्यांचे बग शोधण्याचीही सोय जाते. पक्का उपाय दोन भागांत आहे. मेलेल्या प्रोसेसचा 'डम्प करावा की नाही' हा शेरा कर्नलनेच कोर पॅटर्नमधून मदतनिसाला सांगायचा, त्याने नंतर शोधत बसायचं नाही. आणि नंबराच्या जागी पिडएफडी द्यायचा. पिडएफडी हा त्याच एका प्रोसेसला चिकटलेला हँडल. ती गेली तर तो निकामी होतो, दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवत नाही.

हीच खबरदारी स्वतःचा डिमन लिहिणाऱ्यालाही घ्यावी लागते. समजा ॲप्लिकेशन युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांमधल्या जोडणीवरून) डिमनला 'मी कोसळलो' असं कळवतं. 'मी अमुक नंबरचा, अमुक वापरकर्त्याचा' हे संदेशात लिहिलेलं वाचायचंच नाही. सॉकेटवरचा 'पीअरक्रेड' हा पर्याय समोरच्याचा प्रोसेस, युजर आणि ग्रुप नंबर थेट कर्नलकडून आणून देतो. त्यात एक खाच आहे: ही माहिती जोडणी झाली त्या क्षणाची असते. जोडलेला सॉकेट नंतर दुसऱ्या प्रोसेसच्या हाती गेला तरी नाव पहिल्याचंच निघतं. कर्नल ६.५ पासून समोरच्याचा पिडएफडीही मागता येतो. उपलब्ध असेल तर तोच घ्यावा.

संदेश लहान आणि ठरलेल्या मापाचा ठेवावा: सिग्नल, कोसळलेल्या थ्रेडचा नंबर, रजिस्टर साठवल्याचा पत्ता. बस. बाकीचं डिमन स्वतः त्या प्रोसेसच्या मेमरीतून वाचतो. वाचताना आलेली प्रत्येक लांबी खोटी असू शकते हे धरून चालायचं. मेमरी बिघडल्यामुळेच तर प्रोग्राम पडलाय, मुद्दाम कोणी फसवत नसलं तरी आकडे कचरा असू शकतात. डिमन रूट नसेल आणि उबुंटूप्रमाणे यामा या लिनक्सच्या सुरक्षा-मॉड्यूलचं बंधन १ वर असेल, तर ॲप्लिकेशनने आधीच 'मला हा वाचू शकतो' अशी पीआरसीटीएल या सिस्टम कॉलने परवानगी द्यावी लागते. ती दिली नाही तर रिपोर्ट रिकामे येतात, आणि दोष मात्र सॉकेटमध्ये शोधला जातो.

फाइल डिमननेच तयार करायची. नाव यादृच्छिक, परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), 'आधीच असेल तर उघडू नकोस' आणि 'सिमलिंकमागे (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्यामागे) जाऊ नकोस' हे दोन्ही झेंडे लावून. प्रोग्रामचं नाव फाइलच्या नावात घालायचा मोह टाळावा, कारण प्रोसेस आपलं नाव हवं ते ठेवू शकते, तिरप्या रेघा आणि दोन टिंबांसकट. कर्नलसुद्धा अशा नावातल्या तिरप्या रेघा बदलून उद्गारचिन्ह टाकतो. सर्वांना लिहिता येईल अशा फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल रूटने उघडायची, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि पुन्हा पुन्हा होणारी चूक.

ॲप्लिकेशन डिमनच्या उत्तराची वाट पाहत थांबलेलं असतं, त्यामुळे मुदत हवी. ५ ते १० सेकंद पुरतात. मुदत नसेल आणि डिमन अडकला, तर मेलेला प्रोग्राम मरतच नाही, त्याचे पोर्ट आणि लॉक तसेच राहतात आणि त्याला पुन्हा सुरू करणारी यंत्रणा निमूट बसून राहते. उलट टोकाला, सुरू होताच कोसळणारी सर्व्हिस मिनिटाला डझनभर डम्प काढून डिस्क भरते. सिस्टमडी-कोरडम्प यासाठी डम्पांना फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंतच जागा देतो आणि १५ टक्के मोकळी राखतो. स्वतःच्या डिमनमध्ये असा हिशेब वापरकर्त्यानुसार वेगळा ठेवावा, नाहीतर एकाच्या धुमाकुळात दुसऱ्याचे रिपोर्ट पुसले जातात.

आता पिशवीत भरायचं काय? पूर्ण कोर फाइल शेकडो मेगाबाइट, कधी गिगाबाइटांची होते. ब्रेकपॅड आणि क्रॅशपॅड ही क्रॅश रिपोर्ट गोळा करणारी साधनं त्याऐवजी मायक्रोसॉफ्टने आणलेला मिनिडम्प वापरतात: प्रत्येक थ्रेडची रजिस्टर आणि स्टॅक, लोड झालेल्या लायब्रऱ्यांची यादी, त्यांचे बिल्ड आयडी (नेमकी कोणती आवृत्ती याची ओळख). बग शोधायला बहुतेकदा तेवढं पुरतं. ते कसं, हे एका उदाहरणात दिसतं. प्रोग्राम हेक्समधल्या ५५५५-५५५५-४००० या पत्त्यावर लोड झाला आणि ५५५५-५५५५-५१३९ वर कोसळला. वजाबाकी ११३९. पुढच्या वेळी लोड होण्याचा पत्ता वेगळा असेल, पण ११३९ तेच राहील. त्याला बिल्ड आयडीची जोड दिली की सर्व्हरवर ठेवलेल्या डीबग माहितीतून फंक्शन आणि ओळ निघते. वापरणाऱ्याच्या मशीनवर ती माहिती पाठवायची गरजच नाही. एक बारकावा: वरच्या कॉलर फ्रेमचे पत्ते परतीचे असतात, म्हणजे कॉलच्या पुढच्या सूचनेचे. त्यातून १ वजा केला नाही तर रिपोर्ट पुढची ओळ दाखवतो.

स्टॅकमध्येही गुपितं असतात. ब्रेकपॅडमध्ये स्टॅक धुऊन काढायची सोय आहे: प्रत्येक शब्द, म्हणजे मेमरीतला ठरावीक मापाचा तुकडा, तपासायचा, तो कोडकडे किंवा स्टॅककडे बोट दाखवत असेल किंवा लहान पूर्णांक असेल तर ठेवायचा, बाकी सगळ्यावर एक ठरावीक आकडा फासायचा. हेक्समध्ये वाचला तर तो आकडा चक्क 'डिफेस्ड' असा दिसतो. कॉलची साखळी शाबूत राहते, मजकूर जातो. ज्या बफरमध्ये किल्ल्या ठेवतो त्यांना 'डोन्टडम्प'चा सल्ला लावून पूर्ण कोर फाइलमधूनही वगळता येतं. एन्व्हायर्नमेंट आणि कमांडलाइन यांची मात्र मंजूर यादी हवी. 'पासवर्ड' नावाचं तेवढं काढा, अशी नाकारायची यादी ठेवली की 'टोकन', 'की', 'सीक्रेट' निसटतातच.

गोळा करणारा, अर्थ लावणारा आणि पाठवणारा हे तीन वेगळे प्रोसेस असावेत. डम्पमधल्या ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्राम फाइलचा साचा) आणि डीबग माहितीचा अर्थ लावणारा कोड गुंतागुंतीचा आणि समोरची फाइल परक्याची, म्हणून त्याला नेटवर्क नको, रूट नको, सिस्टम कॉल मोजकेच. पाठवणाऱ्याला नेटवर्क असतं, पण त्याला फक्त धुतलेल्या रिपोर्टांचं फोल्डर दिसतं.

तपासणी अशी करता येते. मेमरीत तीन ठिकाणी, हीप, स्टॅक आणि एन्व्हायर्नमेंट यांत, एकमेकांसारखे नसलेले तीन लांबलचक खुणेचे शब्द ठेवून चाचणीचा प्रोग्राम सिग्नल ११ ने पाडायचा. पाठवायला तयार झालेला रिपोर्ट उलगडून त्यात ते तिन्ही शब्द शोधायचे, यूटीएफ-८ मध्ये आणि यूटीएफ-१६ मध्येही, कारण बऱ्याच लायब्रऱ्या मजकूर दुसऱ्या रूपात ठेवतात आणि साध्या शोधात तो सापडत नाही. मग दुसऱ्या वापरकर्त्याने लॉगिन करून तीच फाइल उघडून पाहायची. उघडली, किंवा एकही शब्द सापडला, तर पाठवणारा प्रोसेस बंदच ठेवावा.