सव्वा महिन्याची माणसं: मुंबईतल्या बाळंतपणाची मागची गोष्ट

मुंबईतल्या मोठ्या खासगी प्रसूती रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत हल्ली 'टीम' हा शब्द हमखास भेटतो. स्त्रीरोगतज्ज्ञ, मिडवाइफ म्हणजे शिकलेली सुईण, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, अंगावर पाजायला शिकवणारी बाई, बाळाचे डॉक्टर. दिवस राहिल्यापासून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत हीच मंडळी एकमेकांशी बोलून एका बाईकडे बघणार, असं त्यात म्हटलेलं असतं. पॅकेजचा आकडा वाचून धाप लागते. पण यातला एकेक माणूस या शहरात कधी आणि कशासाठी आला, हे बघितलं की कळतं, मुंबईला माणसांची वाण नव्हती. त्यांना एका दोऱ्यात कुणी ओवलं नव्हतं.

एक दोरा होता, घरातला. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी आली की आई, आजी, गावची सुईण आणि चार शेजारणी तिला ताब्यात घेत. कळा सुरू झाल्यावर बसायची ती सुईण, नाळ कापायची तीही, आणि पुढे बाळाला न्हाऊ घालायला दहा दिवस यायची तीही बहुधा तीच. मग शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, पोट बांधणं, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसं. सव्वा महिना बाईने उंबरा ओलांडायचा नाही. त्यात सोवळ्या-ओवळ्याचा जाच होता, कोंदट अंधारी खोली होती, आणि न धुतलेल्या हातांनी येणारा सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीचा ताप, होता. त्याने किती बायका नेल्या याची मोजदाद कुणी ठेवली नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे बोलणं कुणी सहज केलेलं नाही. तरीही बाळंतिणीकडे रोज कुणीतरी बघतंय, एवढं त्या व्यवस्थेत पक्कं होतं.

मुंबईत दवाखान्यातलं बाळंतपण सुरू झालं ते या ज्वराच्या भीतीने. पारशी घरांत बाळंतिणीला शुचितेपायी तळमजल्यावरच्या खोलीत वेगळं ठेवत. फोर्टातल्या दाटीवाटीच्या घरांचा तळमजला म्हणजे ओल आणि गटाराचा वास. तिथे बायका तापाने जात. डॉ. तेमुलजी भिकाजी नरीमन यांनी 1887 मध्ये पारशी प्रसूतिगृह काढलं ते याच कारणासाठी. धर्माला हवं तसं वेगळेपण तिथे मिळालं, आणि हवा-उजेडही.

त्याच सुमारास दुसरी अडचण सोडवली जात होती. पुरुष डॉक्टरकडे जायला बायका तयार नव्हत्या. सोराबजी शापूरजी बंगाली आणि मुंबईत धंदा करणारे अमेरिकन गृहस्थ जॉर्ज किट्रेज यांनी निधी उभा केला, इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची यांना बोलावलं, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसे दिले, आणि 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. बायकांसाठी, आणि चालवणाऱ्याही बायकाच. बालपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना लंडनला डॉक्टरी शिकायला पाठवण्यात पेचीबाईंचा मोठा हात होता. टीममधली बाई डॉक्टर मुंबईला मिळाली ती अशी.

पण कामा रुग्णालयाच्या खाटा किती आणि गिरणगावातल्या बायका किती! पहिल्या महायुद्धानंतर कापड गिरण्यांत हजारो बायका कामाला होत्या, रिळं गुंडाळण्याच्या खात्यात तर त्यांचाच भरणा. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत उभ्याने काम, आणि बाळंत झाल्यावर जमेल तितक्या लवकर पुन्हा हजर, कारण खाडा म्हणजे पगार नाही. तान्ह्या पोराने दिवसभर झोपावं म्हणून त्याला बाळगोळी चाटवत. तिच्यात अफू असे. 1922 साली सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा हे सगळं कागदावर आलं.

त्याच्या आदल्या वर्षी, 1921 मध्ये, मुंबईतला बालमृत्यूचा दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर नोंदला गेला होता. आकडा वाचून पोटात खड्डा पडतो, पण त्यात एक मेख आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जात. पोर जन्मायचं रत्नागिरीत, म्हणून मुंबईच्या जन्मनोंदीत नाही. आई दोन-तीन महिन्यांनी बोटीने त्याला घेऊन परत यायची, एका खोलीत दहा-बारा माणसांत ते आजारी पडायचं, आणि मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर चढायचा. म्हणजे दर जरा फुगलेला होता. परिस्थिती तरीही भयंकरच होती, आणि पालिकेच्या आरोग्य खात्याला ती दिसत होती. आईचा जन्म चाळीतल्या खोलीत सुईणीच्या हातावर झाल्याचं आमच्या घरात अजून सांगतात. मधे चादर टांगली होती आणि पुरुषमंडळी जिन्यावर बसून होती, इतकंच तपशिलात उरलंय.

पुढच्या काही वर्षांत मात्र भराभर गोष्टी घडल्या. 1926 मध्ये परळला नौरोजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं, अगदी गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात. पालिकेचं केईएम रुग्णालयही त्याच साली, हाकेच्या अंतरावर. पालिकेची वॉर्डावॉर्डातली छोटी प्रसूतिगृहंही वाढत गेली. जुने मुंबईकर त्यांना अजून 'म्युनिसिपालटीचं बाळंतपणाचं हॉस्पिटल' म्हणतात.

28 जुलै 1928 ला मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या, म्हणजे बाळंतपणाच्या सुट्टीत कामगार बाईला पैसे देण्याच्या, विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचा मुद्दा सरळ होता: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, तेव्हा तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनेही उचलायला हवा. ते तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. गिरणीतून परतणाऱ्या गरोदर बायका त्यांना कुणा अहवालात वाचाव्या लागत नव्हत्या. 1929 मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे सरकारी कागदावर एका ओळीत आले ते इथे, आणि तेही मजुरीच्या निमित्ताने. वैद्यकीय व्यवस्थेत ती ओळ यायला फार वेळ लागला.

डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव इथे घ्यायला हवं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. 1928 ते 1947 कामा रुग्णालयाच्या प्रमुख, आणि पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाच्या पहिल्या अध्यक्ष. मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांचा त्यांनी अभ्यास केला, तो 1941 मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू मोजून थांबायचं नाही, ही बाई कुठल्या टप्प्यावर कुणाच्या हातून निसटली ते शोधायचं, ही दृष्टी आज मातामृत्यू अन्वेषण म्हणून सरकारी कामात आहे. मुंबईत ती तेव्हाच होती.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या 1946 च्या भोर समितीने देशातल्या मातामृत्यूंचा अंदाज हजार जन्मांमागे 20 असा दिला आणि सुईणी-परिचारिकांची मोठी फळी उभारायला सांगितलं. फळी उभी राहिली, पण सुईणीचं वेगळं शिक्षण परिचारिकेच्या अभ्यासक्रमात विरघळून गेलं. खेड्यातली एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जिच्या पदनामातच दाई आहे, ती 1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर बहुउद्देशीय आरोग्य सेविका झाली आणि कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांत गुंतली. शहरात बाळंतपण पूर्ण डॉक्टरच्या हाती गेलं. त्याचा फायदा झालाच. अतिरक्तस्राव, झटके, अडलेलं बाळ यांतून आज बायका वाचतात त्या रक्तपेढीमुळे आणि शस्त्रक्रियागृहामुळे. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की रुग्णालयाच्या लेखी गोष्ट संपली. पुढे टाके दुखतायत, दूध उतरत नाही, रडू आवरत नाही, हे सगळं आईकडे आणि मालीशवालीकडे.

दुसरीकडे इंग्लंडने 1902 च्या कायद्याने मिडवाइफला स्वतंत्र व्यवसाय म्हणून जपलं होतं. तिथेही बायकांची तक्रार अशी की दर तपासणीला चेहरा नवा. 1993 मध्ये सरकारी अहवालाने सांगितलं, बाईला ओळखीची मिडवाइफ मिळाली पाहिजे. 2016 मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या अहवालाने तेच चार-सहा मिडवाइफच्या छोट्या टीमच्या रूपात मांडलं. त्याच साली 15 चाचण्या आणि 17,674 बायका धरून केलेला कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास, आला. मिडवाइफच्या सलग देखरेखीखाली अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात, असं त्यात आढळलं. सिझेरियनच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, हे आपल्याकडच्या जाहिरातींत कुणी छापत नाही. पुढे इंग्लंडमध्ये मनुष्यबळच पुरेना. श्रूसबरीच्या रुग्णालयांतल्या मृत्यूंवरचा डोना ऑकेंडन यांचा अहवाल 2022 मध्ये आला आणि त्याच वर्षी सलग देखरेखीचं राष्ट्रीय उद्दिष्ट मागे घ्यावं लागलं.

आपल्याकडे घरी जाऊन बाळंतिणीला बघण्याची कल्पना परत आली ती गडचिरोलीहून. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध केलं. 2011 पासून ते देशभर 'आशां'च्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, कामात आलं: दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. बेचाळीस दिवस आणि आपला सव्वा महिना यांत फारसं अंतर नाही, हे गंमतीचं आहे. 2018 च्या अखेरीस केंद्राने मिडवाइफ सेवेची मार्गदर्शक सूचना काढली, परिचारिकांसाठी 18 महिन्यांचं जादा प्रशिक्षण आणि मिडवाइफने चालवायचे प्रसूती कक्ष. निम्म्या शतकापूर्वी विरघळवलेलं पद पुन्हा घडवायला घेतलं, असाच त्याचा अर्थ.

मुंबईत वस्तीत फिरते ती पालिकेची आरोग्यसेविका. कित्येक वर्षं मानधनावर राबलेली, किमान वेतनासाठी आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी भांडलेली. गरोदर बाई शोधायची, तिचं नाव नोंदवून घ्यायचं, प्रसूतिगृहात आणायचं. तिथे रक्तदाब वाढलेला निघाला की बाई उपनगरी रुग्णालयात, तिथून सायन किंवा केईएमला. याच सायनच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये काढलेल्या 'स्नेहा' संस्थेने पालिकेबरोबर नेमकं याच ठिकाणी काम केलं: कुठल्या बाईला कुठे, कुठल्या चिठ्ठीसह पाठवायचं आणि परत कुणी विचारायचं. काम दिसायला कारकुनी, पण टीम म्हणतात ती याच चिठ्ठीवर उभी असते.

आणि एवढं करून सेविका सातव्या दिवशी खोलीवर पोचते तर दाराला कुलूप. शेजारीण सांगते, ती गावाला गेली, दोन महिन्यांनी येईल. वहीतला बाळंतिणीच्या भेटींचा रकाना रिकामा राहतो, आणि गावच्या आशाच्या वहीत ही बाई नसतेच, कारण तिचं नाव मुंबईत नोंदलेलं.