सोळा ते अठरा : लायसन्सआधीच्या दोन वर्षांची गोष्ट

अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर आईवडिलांवर गुन्हा, हे कलम ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एव्हाना अनेकदा फिरून झालंय. कुठे मोठा अपघात झाला, की पुन्हा फिरतं. ते वाचून वाटतं की पालकांना जबाबदार धरायचं हे सरकारला अलीकडेच सुचलं. तसं नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही वयाची अट अठराच होती, आणि अठराच्या आतल्या कुणाला गाडी चालवू देऊ नये ही मालकावरची जबाबदारीही त्यात होती. फक्त तेव्हा मोटार होती कितीजणांकडे?

प्रश्न घराघरात आला तो लूनामुळे. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ती बाजारात आणली. इंजिन ५० सीसीचं, गिअर नाही, आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठायची सोय. १९८० मध्ये टीव्हीएस ५० आली. सायकल येणाऱ्या पोराला या गाड्यांवर नवं असं काही शिकावं लागत नव्हतं, निदान घरच्यांना तरी तसं वाटायचं.

१ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नव्या मोटार वाहन कायद्याने ही वस्तुस्थिती मान्य केली. बिनगिअरची दुचाकी सोळाव्या वर्षापासून चालवायला परवानगी मिळाली. लर्निंग लायसन्सच्या अर्जावर पालकाची सही हवी, एवढीच जादा अट. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने गिअरचा निकष जाऊन इंजिनाचा आला : ५० सीसीपर्यंतचीच गाडी. माझ्या मते सगळी गोची इथून सुरू झाली. कायदा इंजिन मोजत राहिला आणि बाजार पुढे निघून गेला. २००१ मध्ये होंडाने अ‍ॅक्टिव्हा आणली ती १०२ सीसीची. बघता बघता ती घरातल्या सगळ्यांची गाडी झाली आणि ५० सीसीच्या मोपेड शोरूममधून दिसेनाशा झाल्या. सोळाव्या वर्षी काढलेलं लायसन्स खिशात ठेवून घरची अ‍ॅक्टिव्हा चालवणारी मुलं ‘लायसन्स आहे की’ म्हणायची. कायद्याच्या नजरेत त्या गाडीपुरती ती विनापरवानाच होती.

याच काळात नवी मुंबई भरत होती. ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, पण लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. त्यानंतर नोड, म्हणजे नवी मुंबईतली आखून वसवलेली उपनगरं, भराभर वाढले. शाळा एका सेक्टरला, अकरावी-बारावीचा क्लास दुसऱ्या नोडमध्ये, बसची वाट बघायला वेळ नाही आणि रिक्षा रोज परवडत नाही. त्यात रस्ते रुंद. वाशी-बेलापूर पाम बीच रोडसारखा सरळसोट रस्ता समोर असला की सतराव्या वर्षी अ‍ॅक्सिलरेटर आपोआप पिळला जातो. जुन्या ठाण्यात, नौपाड्यात गोखले रोडला किंवा राम मारुती रोडला संध्याकाळच्या गर्दीत कुणाला वेग घेता येत नाही. तिथली भीती वेगळी, उघडणारी दारं आणि मध्येच थांबणाऱ्या रिक्षा. घोडबंदर रोडवर तर क्लासला निघालेली स्कूटर आणि अवजड कंटेनर एकाच रांगेत असतात. या तीन रस्त्यांवर लागणारी अक्कल तीन प्रकारची. चाचणीत मात्र सगळ्यांना सारखाच आठचा आकडा काढायचा. पाय टेकला नाही, की झालं.

शिकवण्याचं काय, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी मागेच राहिला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी १९३४ मध्येच हायस्कूलात ड्रायव्हिंगचा वर्ग सुरू झाला होता. नुसत्या वर्गाने भागत नाही, हेही तिथे कळून चुकलं. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं : आधी सोबत जाणता चालक, मग एकट्याने पण रात्री बंदी आणि सोबत मित्र बसवायचे नाहीत, आणि मग पूर्ण मोकळीक. सोबतीला मित्र आणि रात्रीची वेळ यांनी धोका वाढतो, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे लर्निंग मिळालं की तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, आणि त्याच रात्री तिघं बसून ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर जायला चाचणीतलं काही आडवं येत नाही. (ट्रिपल सीट हा गुन्हा आहे, ते वेगळं.) २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. त्यात हलक्या मोटारीसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आहे, पैकी २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. चांगलंच आहे. पण तो चारचाकीचा, आणि चारचाकीचं लायसन्स अठराच्या पुढेच.

सोळा ते अठराच्या वाट्याला आली ती शिक्षा. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९-अ लागू झालं : पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलाने पालकाच्या संमतीनेच गाडी नेली असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं हे पालकाने सिद्ध करायचं. त्यात विम्याची बाजू पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. चालकाकडे लायसन्सच नसेल तर कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, आणि ती २५ हजारांच्या कितीतरी पुढे जाते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा कुठे या कलमांची घरोघर चर्चा झाली.

गंमत म्हणजे १९९-अ मध्येही सोळाव्या वर्षीच्या लायसन्सचं ते जुनं दार शाबूत आहे. मुलाकडे लायसन्स असेल आणि तो त्याच प्रकारची गाडी चालवत असेल तर पालकाला हे कलम लागत नाही. पण ५० सीसीची गाडी आणायची कुठून? त्या जागी आता बॅटरीवाल्या स्कूटर आल्या आहेत. मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर केंद्रीय नियमांनुसार ती मोटार वाहनच नाही. त्यामुळे नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही, वयाची अट नाही आणि पालकाची सहीही नाही. दहावीचा निकाल लागला की या स्कूटरची चौकशी करणारे आईबाप दुकानदाराला आधी विचारतात ते लायसन्स लागतं का, आणि मग ब्रेक कसे आहेत ते.